यंत्र चालू करण्यापूर्वीची तयारी

१ तारीख, सोमवार

आज यंत्र घरी आलं. दुकानातला विक्रेता त्याला रोबो म्हणत होता. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी जिन्यात विचारलं, "काका, हे कासव कुठून आणलंत?" मी या वहीत यंत्र असंच लिहिणार आहे. छत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली, एकाही तराजूला कधी लाडाने हाक मारली नाही.

यंत्र गोल आहे. उंची साडेनऊ सेंटिमीटर. वजन तीन किलो चारशे दहा ग्रॅम (खोक्यावर साडेतीन किलो छापलंय, नोंद घेतली). जमिनीवर आपलं आपण फिरतं आणि धूळ पोटात ओढून घेतं. किंमत ऐकून मी दाराकडे वळलो होतो. पण विक्रेता म्हणाला, "तीस दिवस वापरून बघा काका. किमतीला उतरलं नाही तर घेऊन या, सगळे पैसे परत." तीस दिवसांची तपासणी म्हटल्यावर मला नोकरीत परत गेल्यासारखं वाटलं आणि मी सही केली.

घेण्याचं कारण लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी मला हौशी म्हणायला नको. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. ही मुलीकडे आहे, कारण मुलीचं घर तळमजल्यावर आहे आणि आमचं दुसऱ्या मजल्यावर. मीही तिथे पाच दिवस राहिलो. सहाव्या दिवशी मुलीच्या स्वयंपाकघरातला काटा बावीस ग्रॅम जास्त दाखवतो हे मी जावयासमोर सिद्ध करून दिलं. संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही आता घरी जाऊन जरा आराम करा." मी दमलेलो नव्हतो, तरी निघालो.

दारात तिने थांबवलं. "आईला यापुढे वाकायचं नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. केर काढायला बाई ठेवू देत नाही, दुसऱ्याने काढलेला केर तिला काढल्यासारखा वाटत नाही. मग काढणार कोण? ती घरी आली की दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन वाकणार, मी ओळखून आहे. तीस तारखेला मी येऊन घर बघणार. नीट दिसलं तर आई येईल. नाही तर ती इथेच राहील. कायमची."

मी म्हणालो, "जमवतो."

मला झाडता येत नाही, ही गोष्ट आमच्या घरात जाहीर आहे. लग्नानंतर आठव्या दिवशी एकदा झाडू घेतला होता. दारापासून सुरुवात करून आत झाडत गेलो आणि सगळा केर पलंगाखाली नेऊन पोचवला. ही हसता हसता खाली बसली आणि म्हणाली, "ठेवा तो झाडू." तो हुकूम अडतीस वर्षांत मागे घेतला गेलेला नाही. मी हुकूम मोडणारा माणूस नव्हे.

२ तारीख, मंगळवार

पहिली फेरी. यंत्र सकाळी नऊ वाजता सोडलं. नऊ वाजून चार मिनिटांनी त्याने माझ्या चपलेचा पट्टा गिळला. सोडवला. नऊ-अकराला खुर्चीच्या चार पायांमध्ये शिरून तिथेच गोल गोल फिरत बसलं. नऊ-वीसला पडदा ओढला, दांडीसकट. त्यानंतर ते पलंगाखाली गेलं आणि बाहेर यायला तयार होईना. मी जमिनीवर आडवा होऊन छत्रीच्या मुठीने ओढून काढलं.

पोटातली धूळ कागदावर काढून मोजली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला एक छोटा अचूक काटा भेट दिला होता, तो दोन वर्षं नुसता कपाटात होता. तीन वेळा वजन घेऊन सरासरी काढली. अकरा ग्रॅम.

पाच वाजता हिचा फोन. रोज पाचला येतो.

"निघाला का केर?"

"अकरा ग्रॅम."

"म्हणजे किती?"

"एक चमचाभर असेल."

"अहो, एवढा केर तर तुम्ही बाहेरून आलात की तुमच्या चपलेतून पडतो."

चपला उद्या वेगळ्या मोजल्या पाहिजेत.

४ तारीख, गुरुवार

माहितीपुस्तिका वाचली. पहिल्याच पानावर लिहिलंय: यंत्र चालू करण्यापूर्वी जमीन मोकळी करावी. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता, तयारीचा होता. आज रीतसर तयारी केली. खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवल्या. पडद्यांना गाठी मारल्या. चपला, रद्दी, वायरी सगळं उचललं. सतरंजी गॅलरीत नेऊन झटकली. पलंगाखालच्या दोन बॅगा माळ्यावर चढवल्या. पावणेदोन तास लागले, कंबर धरली. यंत्राने पस्तीस मिनिटं काम केलं. सव्वीस ग्रॅम!

एक अडचण राहिली. यंत्र गोल आहे आणि खोलीला कोपरे आहेत. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "कोपऱ्यातला केर तेवढा पुढे सरकवून द्या काका, ते बरोबर उचलेल."

"कशाने सरकवू?"

"कशानेही. घरात झाडू असेल ना?"

झाडू दाराआड होता. मी तो वापरला, पण फक्त सरकवण्यापुरता. झाडणं वेगळं आणि सरकवणं वेगळं, एवढं नोंदवून ठेवतो.

७ तारीख, रविवार

हिला भेटून आलो. तिने वॉकर धरून खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून दाखवलं. मी पावलं मोजली, एकतीस. मग मी तिला रोजचे आकडे वाचून दाखवले. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुम्ही बारीक झालात."

वजन केलं तर खरंच एक किलो सहाशे ग्रॅम कमी भरलं. अंडी आणि पाव खाऊन एवढं कमी व्हायला नको. घरी परतल्यावर दार उघडलं आणि घर अगदी खायला उठलं. आतून कोणी "पाय पुसा आधी" म्हणालं नाही. मी पाय पुसले.

८ तारीख, सोमवार

शिवणवाल्या बाई विजेचं बिल द्यायला वर आल्या. पोस्टमन आमचं टपाल नेहमी त्यांच्याकडे टाकतो. दार उघडं होतं. मी बैठकीच्या खोलीतली धूळ कोपऱ्यातून मधोमध आणत होतो.

"अगंबाई, काका, तुम्ही झाडताय?"

"छे. यंत्राला धूळ पुरवतोय."

त्यांनी यंत्राकडे बघितलं. ते भिंतीला लागून चार्ज होत होतं. मग माझ्याकडे बघितलं. "बरं बरं, चालू द्या," म्हणाल्या आणि जिना उतरताना दोनदा थांबल्या. दमा असावा.

११ तारीख, गुरुवार

गंभीर परिस्थिती. गेल्या आठ दिवसांचे आकडे: सव्वीस, एकोणीस, चौदा, अकरा, सात, पाच, तीन, दोन. यंत्राची ओढण्याची शक्ती झपाट्याने घसरते आहे. या वेगाने तीस तारखेपर्यंत ते काहीच उचलणार नाही, मुलगी येईल, नापास करेल, आणि ही कायमची तिकडे राहील.

विक्रेता म्हणाला, "काका, घर स्वच्छ झालं असेल."

असली उत्तरं मी दुकानदारांकडून छत्तीस वर्षं ऐकलेली आहेत. काटा बिघडला की म्हणायचं, माल हलका आहे.

आज फोनवर हिला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "आवाज का असा येतोय?" म्हटलं, लाइन खराब आहे.

१२ तारीख, शुक्रवार

उपाय सापडला. कुठलाही काटा तपासायचा तर प्रमाणित वजन लागतं. यंत्र तपासायचं तर प्रमाणित धूळ हवी. एवढी साधी गोष्ट आधी सुचायला हवी होती.

जिन्याच्या पायऱ्यांवरून वीस ग्रॅम गोळा केली. गॅलरीच्या कठड्यावरून पंधरा. उरलेल्या पंधरासाठी शिवणवाल्या बाईंकडे गेलो.

"बाई, थोडा कचरा मिळेल का?"

"कशाला हो?"

"घरात टाकायचाय."

त्यांनी मशिनीखालची चिंध्यांची आणि दोऱ्यांची टोपलीच पुढे केली. म्हणाल्या, "काकू कधी येणार आहेत? लवकर येतील तर बरं होईल." मलाही तसंच वाटतं, तसं मी त्यांना सांगितलं.

दोरे कात्रीने बारीक केले, सगळं एकत्र कालवलं, चाळणीने चाळलं. बरोबर पन्नास ग्रॅम. मग जमिनीवर खडूने चौकोन आखून प्रत्येक चौकोनात सारखी धूळ पेरली. पेरताना एक क्षण हात थांबला. ही जमीन हिने रोज दोन वेळा झाडलेली आहे. पण तपासणी म्हणजे तपासणी.

यंत्राने त्रेचाळीस ग्रॅम उचलली.

१३ तारीख, शनिवार

सात ग्रॅम गहाळ आहेत.

१५ तारीख, सोमवार

सात ग्रॅमचा शोध चालू. घराबाहेर गेलेले नाहीत, कारण खिडक्या बंद होत्या. माझ्या कपड्यांवर नाहीत, कपडे झटकून मोजले. गुडघ्यांवर बसून, टॉर्च घेऊन दोन्ही खोल्या तपासल्या. नमुना गोळा करायचा म्हणून झाडू आणि सुपली वापरली. टेबलामागे दीड ग्रॅम. उंबऱ्याच्या फटीत पाऊण. फ्रिजखाली नऊ ग्रॅम निघाली, म्हणजे गहाळ मालापेक्षा जास्तच. ती जुनी असणार, ती वेगळ्या पुडीत ठेवली.

उरलं लोखंडी कपाट. अडतीस वर्षांत ते जागचं हललेलं नाही. पाठीने रेटा देत, चार बोटं, परत चार बोटं, असं करत दुपारपर्यंत हातभर सरकवलं. मागे धुळीचा थर होता, गोधडीसारखा. हिच्या केसातल्या तीन पिना, कपडे वाळत घालायचा एक चिमटा, एक बटण.

आणि माझा शिक्का.

पोलादी, बोटाएवढा, खात्याचा. दुकानदाराचं वजन बरोबर असलं की त्यावर ठोकायचा. बावीस वर्षांपूर्वी तो घरातून गहाळ झाला. माझी चौकशी झाली, बढती दोन वर्षं मागे गेली. मी घरी येऊन हिला म्हणालो होतो, "तूच केरात टाकलास." ती म्हणाली, "मी नाही टाकला." मी म्हणालो, "मग घरात दुसरं झाडतं कोण?" त्यानंतर ती वाद घालायला आली नाही. त्या दिवसापासून ती केर भरण्याआधी सुपली उजेडात धरून बघते. मी ते रोज बघत आलो. मला वाटायचं, तिला आपली चूक पटली.

शिक्का धुतला, पुसला. खूप वाईट वाटलं. दुसरे शब्द शोधले, सापडले नाहीत. पाचला तिचा फोन आला. सांगणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "आज दोन पायऱ्या चढले." मी म्हणालो, "वा." बाकीचं तोंडातच राहिलं.

१८ तारीख, गुरुवार

यंत्र बंद पडलं. चाकं फिरत नाहीत, नुसतं कण्हतं. रिक्षाने दुकानात नेलं. विक्रेत्याने उलटं करून झाकण काढलं आणि आतून रंगीत दोऱ्यांचा गुंडा बाहेर ओढायला लागला. संपेचना.

"काका, हे सगळं तुमच्या घरात होतं?"

"प्रमाणित धुळीत होतं."

 नवा ब्रश कंपनीकडून यायला वेळ लागेल, म्हणाला, दुरुस्त झालं की फोन करतो. परत करायची मुदत तेवढे दिवस वाढवून मिळेल का, असं विचारलं. नाही, तीस म्हणजे तीस. माणूस नियमाचा पक्का आहे, राग आला तरी आवडला.

२० तारीख, शनिवार

यंत्र कधीही येईल, म्हणून तयारी चालू ठेवली आहे. तयारीत खंड पडला की दर्जा घसरतो. सकाळी सातला खुर्च्या वर, पडदे वर, धूळ सरकवणं. खडूच्या रेघा आणि पेरणीचे डाग राहिले होते, ते ओल्या फडक्याने पुसले. पुसल्यावर जमिनीचा रंग वेगळाच निघाला. फिकट हिरवी आहे. मी राखाडी समजत होतो.

धूळ कोपऱ्यातून मध्ये आणून तिथे ठेवली तर पंख्याने परत कोपऱ्यात जाते. यंत्र नसल्यामुळे मी ती तात्पुरती सुपलीत भरून कचऱ्याच्या डब्यात ठेवतो.

२३ तारीख, मंगळवार

एक महत्त्वाचा शोध लागला. आतल्या खोलीपासून सुरुवात करून दाराकडे आलं तर धूळ आपोआप बाहेर जाते. दारापासून आत गेलं तर आतच राहते. हे पुस्तिकेत कुठेही दिलेलं नाही. मी स्वतः शोधून काढलं. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहून कळवावं असा विचार आहे.

फोनवर हिला सांगितलं. तिला ठसका लागला. मग म्हणाली, "हो का? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. निरीक्षण."

"बरं. आणि यंत्र काय करतंय?"

"विश्रांती घेतंय," म्हणालो. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. फोन ठेवल्यावर हातातला चहा निवला तरी बसून होतो.

२६ तारीख, शुक्रवार

दुकानातून फोन नाही. मी दोनदा केला. "येईल काका, येईल." चार दिवसांवर तपासणी आली आणि ज्याची तपासणी व्हायची तेच घरात नाही. आज तयारी दोन वेळा केली, दुसरं सुचेना म्हणून. कपाट परत जागेवर लोटण्याआधी मागची भिंतही पुसली. शिवणवाल्या बाई दारातून डोकावून म्हणाल्या, "काका, माझ्याकडे कधी येताय?" त्यांना धूळ परत हवी असेल असं वाटून मी फ्रिजखालची पुडी देऊ केली. त्या नको म्हणाल्या.

२९ तारीख, सोमवार

मुलगी आज आली. एक दिवस आधी, न कळवता. मी छत्तीस वर्षं हेच केलं, दुकानदार कसे पांढरेफटक पडायचे ते आज कळलं. मी खुर्च्या टेबलावर चढवत होतो.

तिने चपला बाहेर काढल्या. पलंगाखाली वाकून बघितलं. दारामागे बघितलं. कपाटाच्या मागे मोबाइलचा उजेड टाकला. फ्रिजच्या वरून बोट फिरवलं आणि बोट खिडकीशी नेऊन बघितलं. माझ्याच तालमीतली आहे, उणीव काढायला जागा नाही.

"बाबा, हे कोणी केलं?"

"यंत्राने."

"कुठाय ते?"

"दुरुस्तीला दिलंय."

"कधीपासून?"

"अठरा तारखेपासून."

ती टेबलाला टेकून उभी राहिली. मी तिच्यासमोर वही ठेवली आणि सगळं स्पष्ट सांगितलं. गेले अकरा दिवस यंत्र घरात नव्हतं. जे दिसतंय ती फक्त पूर्वतयारी आहे. तपासणीचा विषयच हजर नसताना निकाल देता येत नाही, त्यामुळे ही तपासणी रद्द धरावी लागेल.

"बाबा, इथे केर कुठे आहे ते मला दाखवा."

"केर नाही हा पुरावा होत नाही. तो यंत्राने काढला, हे सिद्ध व्हायला हवं."

"अहो, पण..."

"मला कळतंय त्याचा अर्थ काय होतो," मी म्हणालो. इथे माझा आवाज जरा बिघडला. "म्हणजे तुझी आई येणार नाही. मला ती यायला हवी आहे. या घरात तिच्याशिवाय मला एक दिवस धड गेलेला नाही. पण मी आयुष्यात खोट्या वजनावर शिक्का मारला नाही, आता तुला फसवून तिला घरी आणू का? आणि मग ती वाकणार, तिचा गुडघा परत जाणार. नाही. यंत्र नाही तर निकाल नाही."

ती हसायला लागली. मग हसता हसता रडायला लागली, मग पुन्हा हसली. मला काय करावं कळेना, मी तिला पाणी दिलं. पाणी पिऊन तिने एक खुर्ची टेबलावरून खाली घेतली, मला तिच्यावर बसवलं आणि गॅलरीत जाऊन आईला फोन केला. दार लावून घेतलं होतं. एवढंच ऐकू आलं, "तू म्हणत होतीस तस्संच."

मी नापास झालो, असंच धरून चाललो आहे. वही इथे संपवायला हरकत नाही.

३० तारीख, मंगळवार

ही आली!

शिवणवाल्या बाई धावत वर सांगायला आल्या. मी जिन्यात गेलो तर ही कठडा धरून, मुलीचा हात धरून, एकेक पायरी चढत होती. चोवीस पायऱ्या, अठरा मिनिटं. मी खाली जाऊन दुसरा हात धरला. "पाय पुसलेत का?" तिने विचारलं. मी घरातून बाहेर येत होतो, पण हो म्हणालो.

आत आल्यावर ती मधल्या खुर्चीत बसली. बराच वेळ जमिनीकडे बघत होती. मग छताकडे, मग कोपऱ्याकडे, मग माझ्या हातांकडे. माझ्या उजव्या तळव्याला झाडूच्या मुठीने घट्टे पडले आहेत, ते तिने बोटाने दाबून बघितले. मुलगी स्वयंपाकघरात चहा करायला गेली ती बाहेरच येईना.

मी खिशातून शिक्का काढून हिच्या हातात ठेवला.

"कपाटामागे होता. तू टाकला नव्हतास. मी चुकलो. बावीस वर्षं चुकलो."

तिने तो उलटा-सुलटा करून बघितला. मला वाटलं बोलेल, चिडेल. तसं झालं असतं तरी चाललं असतं.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"कपाटामागे माझा हात कधी पोचलाच नाही. एकटीने हलत नव्हतं ते."

"मला सांगायचंस."

"तुम्हाला मी झाडू ठेवा म्हटलं होतं ना," ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. "एकदा गमतीत म्हटलं, तर अडतीस वर्षं ठेवला तुम्ही."

  शिक्का तिने पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

तेवढ्यात दुकानातून फोन. यंत्र दुरुस्त झालंय. आज तिसावा दिवस, परत करायचं की ठेवायचं, सहाच्या आत सांगा. मी खरा आकडा सांगायचा ठरवलं. महिनाभरात यंत्राने उचललेली एकूण धूळ दीडशे ग्रॅमच्या आसपास, त्यापैकी त्रेचाळीस मीच टाकलेल्या पन्नासातली, बाकीची सात गहाळ. एवढी किंमत देण्यासारखं हे यंत्र नाही. मी "परत" म्हणायला तोंड उघडलं तर हिने फोन ओढून घेतला.

"ठेवणार आहोत," ती विक्रेत्याला म्हणाली. "पै न् पै वसूल झाली."

मी तिला आकडे दाखवायला वही काढली. तिने बघितलीसुद्धा नाही. हिचा हिशेब मला समजला नाही, पण निकाल आपल्या बाजूचा लागला असताना निरीक्षकाने जास्त खोदून विचारू नये.

२ तारीख, गुरुवार

यंत्र परत आलं. सकाळी पूर्ण तयारी केली. ही पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसली होती आणि तिथून सांगत होती. "खिडकीखाली राहिलं." "दाराआड बघा." "आतून बाहेर, आतून बाहेर." तो शोध माझा आहे हे मी तिला परत एकदा सांगितलं. ती म्हणाली, हो, तुमचाच.

त्यानंतर यंत्र सोडलं. ते दोन्ही खोल्यांत फिरलं, हिच्या काठीला दोनदा धडकलं, आणि जाग्यावर जाऊन बसलं. पोट उघडून धूळ काढली, तीन वेळा मोजली. शून्य पूर्णांक चार ग्रॅम. नवा ब्रश असून ही अवस्था. मी काळजीत पडलो.

ही म्हणाली, "आजारातून उठलंय बिचारं. उद्या त्याला सुट्टी द्या. तुम्ही आपली नुसती तयारी करा."

मला पटलं. उद्यापासून काही दिवस यंत्राला विश्रांती. फक्त तयारी, रोज सकाळी सात वाजता.